उघडीप आहे, येऊन जा

आमच्या घरावर पत्रे होते, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने आम्ही सगळे ओरडून बोलायचो. साधं ‘मीठ दे’ म्हणायचं तरी भांडणाचा सूर लावावा लागायचा. नाशिकला सातपूरच्या कामगार वस्तीतली ती दोन-दोन खोल्यांची घरं, एकाला एक चिकटलेली. झड लागली की शेजारच्यांची भांडणं ऐकू यायची नाहीत, हा अण्णांच्या मते पावसाळ्याचा फायदा होता आणि आईच्या मते तोटा. मग दोन-तीन दिवसांनी एखाद्या सकाळी पत्र्यावरचा ताशा थांबायचा. आम्ही मात्र सवयीनं ओरडतच राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्या पाळीला निघताना “डबा कुठाय माझा?” म्हणून गर्जायचे आणि त्या शांततेत स्वतःच्याच आवाजाला दचकायचे. आई दाराशी जाऊन त्र्यंबकच्या दिशेला बघायची आणि देवळात बोलावं तशी हळूच म्हणायची, “उघडीप आहे गं बाई.” ‘गं बाई’ ती कुणाला म्हणायची, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक उघडिपीलाच.

हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी उत्साहानं लिहिलं, ‘उघडीप आहे, गाद्या-चादरी गच्चीवर टाकून घ्या.’ खालच्या मजल्यावरच्या तरुण सेक्रेटरीनं लगेच विचारलं, ‘काका, नक्की काय उघडं राहिलंय? टाकीचं झाकण का?’ मग मी मास्तरकी करायला बसलो. त्याला लिहिलं, की बाबा रे, पाऊस दिवसातून दहादा थांबतो, त्याला कुणी उघडीप म्हणत नाही. तो नुसता दम खात असतो. उघडीप म्हणजे झडीनं मध्येच दिलेली सुट्टी. ढग वर उचलले जातात, उजेड अंगणापर्यंत उतरतो, ओल्या भिंतींतून वाफ निघायला लागते, आणि माणसाला वाटतं की आता चार गोष्टी वाळवून घ्याव्यात. शेतकरी निंदणीला पळतो, गवंडी अर्धी राहिलेली भिंत उरकतो, बायका धुणं काढतात. उघडीप म्हटलं की घाई आलीच, कारण ती टिकणार नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. एवढं सगळं एका बोटानं टाईप करून पाठवलं. त्यानं उत्तरादाखल अंगठा पाठवला. त्या अंगठ्याकडे बघत बसलो असताना मला उस्मानचाचा आठवले. खरं सांगायचं तर ते मला दर उघडिपीला आठवतात. या खेपेला फक्त वही हातात घेतली.

आई हा शब्द पावसापुरता ठेवायची नाही. आठ दिवस राहिलेले पाहुणे एसटीत बसले की उघडीप. अण्णांची रात्रपाळी संपली की उघडीप. मी दहावी पास झालो तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, “चला, एका बाजूनं तरी उघडीप झाली.” दुसऱ्या बाजूला काय दाटून आलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, मीच.

खऱ्या उघडिपीच्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक नसायचा. चूल पेटवायला आईला सवड कुठली? तांदळाला हवा लागायची, तिखटाचा डबा उन्हात यायचा, लोणच्याच्या बरणीचं तोंड पुसलं जायचं, गोधड्या कुंपणावर चढायच्या, माझी सर्दटलेली वह्या-पुस्तकंसुद्धा ओट्यावर मांडली जायची आणि येणारे-जाणारे माझे मार्क वाचून जायचे. आम्हाला मिळायचा कुस्करा: रात्रीची नागलीची भाकरी कुस्करून त्यात ताक, कांदा आणि दाण्याचं कूट. मला तो इतका आवडायचा की उघडीप हा माझ्या दृष्टीनं खाण्याचाच एक प्रकार होता. आजही मी तो करून मागतो. सूनबाई करून देतात, पण मिक्सरमधून काढतात. त्याला कुस्करा म्हणत नाहीत, पण ते असो.

उघडीप ओळखायचं आमचं यंत्र म्हणजे अंजनेरीचा डोंगर. वस्तीच्या मागच्या मैदानातून तो पश्चिमेला दिसायचा. पाऊस यायचा तोही तिकडूनच. झडीत डोंगर गायब. त्यावरून मी स्वतःचा एक नियम बसवला होता: अंजनेरी दिसली की उघडीप. मी तेव्हा अकरावीला सायन्सला होतो, म्हणजे जगातल्या कुठल्याही विषयावर मत द्यायला मोकळा होतो. वस्तीतल्या बायका धुणं टाकण्याआधी मला विचारायच्या, “नंद्या, टिकंल का रे?” आणि मी डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडे बघायचो आणि निकाल द्यायचो. दहातले पाच-सहा निकाल बरोबर यायचे. बाकीच्यांचं धुणं भिजायचं, पण माझा रुबाब भिजायचा नाही.

उस्मानचाचा आमचे पिंजारी. राहायला जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या गल्लीत. एप्रिल-मेमध्ये नाहीतर दिवाळीच्या तोंडावर ते खांद्यावर धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, घेऊन वस्तीत शिरायचे आणि तिची ताणलेली तात नुसती बोटानं छेडायचे. ‘टुंईं’ असा तो आवाज आला की बायका दारं उघडायच्या. उंच, वाळकुडा माणूस. काम करता करता त्यांची दाढी, भुवया, पापण्या, सगळं कापसानं पांढरं व्हायचं. सकाळी चाळिशीचे आलेले चाचा संध्याकाळी सत्तरीचे होऊन जायचे. मला ते ‘नंदूसाहेब’ म्हणायचे. “नंदूसाहेब, मोठेपणी काय होणार?” मी म्हणायचो, इंजिनियर. “व्हा, व्हा. पण गादी आमच्याकडूनच करा. इंजिनियरला झोप कमी असते.” आई त्यांना चहा द्यायची, तो एका कानतुटक्या कपात. तो कप खिडकीच्या बाहेरच्या फळीवर वेगळा ठेवलेला असायचा. चाचा तो स्वतः विसळून पुन्हा फळीवर उपडा घालायचे. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. आता दिसतं, पण आता दिसून काय करू?

त्या वर्षी माझी ताई पहिल्या बाळंतपणाला श्रावणाच्या सुरुवातीलाच घरी आली. आमच्याकडे बाळंतिणीला जुन्या कापसाची गादी लागते. नवा कापूस अंगाला गरम पडतो, असं आई म्हणायची. घरात तशी एकच गादी होती, आईच्या लग्नातली. खानदेशात तिच्या वडिलांची शेती होती. त्यांच्या स्वतःच्या शेतातल्या, त्यांनी स्वतः वेचून दिलेल्या कापसाची ती गादी. आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले आणि शेत भाऊबंदांत वाटलं गेलं. त्या घराचं आईकडे उरलेलं म्हणजे ती गादी. आदल्या पावसात एक पत्रा गळला आणि तिच्या एका कोपऱ्यात ओल शिरून गाठी झाल्या. ताई झोपली की त्या गाठी तिच्या बरोबर कमरेत यायच्या. बिचारी रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी म्हणायची, “आई, तुझ्या गादीत बटाटे आहेत.”

आईनं चाचांना बोलावून घेतलं. त्यांनी गादी दाबून बघितली, खोळीचं एक टोक उसवून कापूस चिमटीत धरला, हुंगला. म्हणाले, “माल एक नंबर आहे, भाभी. असा कापूस आता येत नाही. पण पावसाळ्यात कापूस उघडत नसतात. दिवाळीला करू.”

“दिवाळीला बाळ मांडीवर असेल माझ्या,” आई म्हणाली. “पितृपाटात दिवस भरतात तिचे. चांगली उघडीप बघून करून द्या ना.”

चाचांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. “दोन दिवसांची उघडीप पाहिजे. एक दिवस ऊन द्यायला, एक दिवस पिंजायला. मिळाली तर नंदूसाहेबांना पाठवा. पण आभाळ मी माझ्या डोळ्यानं बघणार, भाभी. मनाला पटलं तरच सुई लावणार.”

ठरलं. टेलिफोन वगैरे प्रश्नच नव्हता. निरोप्या मी, वाहन अण्णांची सायकल, आणि निरोप चार शब्दांचा: उघडीप आहे, येऊन जा. यापेक्षा सोपं काम आजवर मला कुणी दिलेलं नाही. यापेक्षा वाईट मी कुठलं केलेलंही नाही.

श्रावणाच्या मध्यावर तशी उघडीप मिळाली. तीन दिवसांची, धुतल्या भांड्यासारखी लख्ख. ऊन असं की डांबरावर अनवाणी उभं राहवत नव्हतं. आईनं सकाळीच मला पिटाळलं. मी निघालो, अगदी प्रामाणिकपणे निघालो. पण नाक्यावर आमच्या टीमची पोरं उभी होती. देवळाली कॅम्पच्या पोरांशी मॅच ठरलेली आणि आमचा एक भिडू तापानं पडलेला. “नंद्या, दहा जणांनी खेळायचं का? त्यांच्यात फौजींची पोरं आहेत, लोळवतील.” मी म्हटलं, जाऊन येऊ, उघडीप काय उद्याही आहे. ज्यांना वाटत असेल की एवढं करून मी निदान मॅच तरी जिंकून दिली, त्यांच्यासाठी सांगतो: मी पहिल्या चेंडूवर आउट झालो आणि दोन झेल सोडले. त्यातला दुसरा माझ्या कपाळावर पडला.

संध्याकाळी कपाळावर टेंगूळ घेऊन घरी आलो. आई दारातच. “भेटले का चाचा?” टेंगळाबद्दल नाही, आधी चाचांबद्दल. मी सायकल भिंतीला लावता लावता म्हणालो, “गावाला गेलेत. चाची म्हणाली, चार दिवसांनी येणार.” मला वाटतं, आयुष्यातलं मोठं खोटं माणसाच्या तोंडातून असंच, सायकल लावता लावता निघत असावं. तो चार दिवसांचा आकडा तर मी फुकटात जोडून दिला, म्हणजे उद्या पुन्हा हेलपाटा नको. आई म्हणाली, “अरे देवा,” आणि उन्हाकडे बघत राहिली. पुढचे दोन दिवस ती येता-जाता त्या उन्हाकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंजनेरी पुसली गेली आणि झड सुरू झाली. आम्ही पुन्हा ओरडून बोलायला लागलो.

ती झड आठ-दहा दिवस हलली नाही. ताईच्या पायांवर सूज आली. ती गादी सोडून सतरंजीवर निजायला लागली आणि आईचा जीव खालीवर व्हायला लागला. मग एका सकाळी पाऊस एकदम थांबला. मी मैदानात जाऊन बघितलं तर अंजनेरी इतकी जवळ आलेली की तिच्या अंगावरच्या घळी मोजाव्यात. हिरवीगार, नुकती न्हाल्यासारखी. वारा बिलकूल नव्हता. आई माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिला खात्री नव्हती. “ही टिकेल का रे, नंदू? अंगाला कशी चिकट लागतेय हवा.”

“अगं, अंजनेरी बघ ना! याहून काय स्वच्छ पाहिजे?”

“मग जा. म्हणावं, उघडीप आहे, येऊन जा.”

चाचा ओट्यावर बसून धुनकीला नवी तात चढवत होते. मी निरोप सांगितला. ते उठले, गल्लीच्या तोंडाशी गेले, वर बघितलं, हवेत दोन बोटं चोळली आणि परत येऊन बसले. “आज नाही, नंदूसाहेब. हवा बंद आहे. तुमच्याकडून डोंगर कसा दिसतोय?”

“एकदम स्पष्ट, चाचा! हात लावावा इतका जवळ.”

“बस, मग तर नाहीच. डोंगर जवळ आला की पाऊस लांब नसतो. लांब दिसेल, धुरकट निळा, तेव्हा या.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. आज चाचा आले नाहीत तर आई स्वतः बसनं इथं येणार. आली की विचारणार, गावाहून कधी आलात? आणि चाचा म्हणणार, कुठलं गाव? त्यापेक्षा आज गादी होऊन गेली की विषय मिटला. मी म्हणालो, “चाचा, रेडिओवर सांगितलंय. सकाळच्या बातम्यांत. नाशिक जिल्ह्यात चार दिवस पाऊस नाही.” पुन्हा चार दिवस. माझ्या खोट्याला चाराच्या पुढं मोजता येत नसावं.

चाचांचे हात थांबले. “रेडिओवर? स्वतः ऐकलं?”

“स्वतः.”

त्यांनी पुन्हा एकदा आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर विसरलेलो नाही. बिचारे आपल्या तीस वर्षांच्या अनुभवाची समजूत घालत होते. “तुम्ही शिकलेले लोक,” ते म्हणाले. “आमचं काय, बापानं सांगितलं तेवढं. आणि भाभीची पोरगी अडलीय. चला, आज रेडिओचं ऐकू.”

रेडिओ काहीही म्हणो, ऊन देण्यात एक दिवस घालवायची चाचांची तयारी नव्हती. मैदानात ताडपत्री अंथरली, वर दोन चादरी, खोळ उसवली आणि आजोबांचा कापूस बाहेर आला. पिवळट पडलेला, दबलेला, पाठीच्या आकाराचा. चाचांनी धुनकी टांगली आणि ठोकळा तातीवर मारला. ‘टण्ण-टुंईं, टण्ण-टुंईं.’ एकेका ठोक्याला तो दबलेला कापूस उडायला लागला, सुटा व्हायला लागला, पांढरा व्हायला लागला. ताई पायरीवर पाय लांब करून बघत बसली. आई मूठभर कापूस हातात घेऊन म्हणाली, “बघ गं, बोंड अजून लागतंय हाताला. माझ्या बापानं वेचलेलं.” दुपारपर्यंत कमरेएवढा ढीग झाला होता. आईनं चहा टाकला, खिडकीवरचा कप भरला आणि मी तो घेऊन निघालो. माझी छाती फुगलेली होती. मनात म्हणत होतो, बघा, झालंच की सगळं.

तेवढ्यात वारा आला. त्र्यंबककडून आडवाच आला. मी मान वळवून बघितलं तर अंजनेरी नव्हती. सकाळी हाताशी असलेला तो एवढा मोठा डोंगर कुणी उचलून नेल्यासारखा. चाचा ओरडले, “भाभी, चादर! चादर टाका!” पण पिंजलेल्या कापसाला वाऱ्यात चादर घालणं म्हणजे धुराला पोत्यात भरणं. अर्धा ढीग उडून मैदानभर झाला, आणि मग पाऊस पडला. थेंबाथेंबानं नाही, एकदम. चाचा उरलेल्या ढिगावर पालथे पडले, दोन्ही हात पसरून, कोंबडी पिलांवर बसते तसे. आई चिखलातून कापूस वेचत धावत होती आणि तिच्या मुठीत त्याचा नुसता लगदा होत होता. ताई पायरीवरून “आई, पडशील, राहू दे” म्हणून रडत होती. गटाराच्या पाण्यावरून पांढरे पुंजके एकामागून एक, अगदी शिस्तीत, रस्त्याकडे निघाले होते. मी काय केलं? मी चहाचा कप सांडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

साडेतीनला पहिली पाळी सुटली. अण्णा चिंब भिजून घरी आले तेव्हा चाचा आमच्या ओट्यावर उभे होते, अंगावर कापसाचा चिखल, आणि आई आतल्या खोलीत त्या लगद्याच्या बादलीपुढे बसली होती. पत्र्यावर ताशा चालू होता, त्यामुळे जे काही बोलणं झालं ते सगळं ओरडून झालं.

“एवढी वर्षं धंदा करता,” अण्णा ओरडले, “आभाळ कळत नाही तुम्हाला?”

चाचांनी काहीतरी उत्तर दिलं. ऐकू आलं नाही.

“काय?”

“चूक झाली म्हणतो!” चाचा ओरडले. त्यांचा ओरडलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “माझी चूक झाली!”

आजूबाजूच्या दारांत माणसं जमली होती. आणि मग आई आतून बाहेर आली. ती रागानं बोलली नाही, पण पावसामुळं तिलाही ओरडावंच लागलं: “त्या मागच्या उघडिपीला तुम्ही गावाला गेला नसतात तर केव्हाच झाली असती हो गादी! नेमके तेव्हाच गेलात!”

चाचांनी मान वर केली. “गावाला?” एवढा एकच शब्द त्यांच्या ओठांवर दिसला. मग ते माझ्याकडे वळले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो, हातात अजून तो कप. त्यांनी माझ्याकडे किती वेळ बघितलं? फार नसेल. पण तेवढ्यात त्यांना सगळं कळलं: लख्ख उघडीप कुठं गेली, रेडिओ कुठून आला, सगळं. मी वाट बघत होतो. आता ते सांगतील आणि अण्णा मला तिथंच सोलतील. खरं म्हणजे सांगावं असंच वाटत होतं. स्वतः तोंड उघडण्यापेक्षा ते सोपं होतं.

“हां, भाभी,” चाचा ओरडून म्हणाले. “गावाला होतो.”

मजुरी त्यांनी घेतली नाही. मी कप पुढं केला तर म्हणाले, “राहू दे,” आणि धुनकी खांद्यावर टाकून पावसातच बस स्टॉपकडे गेले. भिजलेल्या तातीतून जाताना आवाज आला नाही.

पंधरा दिवसांनी त्यांनी गल्लीतल्या कुणाकडून तरी एक छोटी गादी पाठवली. बाळाची. फुलाफुलांच्या खोळीची, हाताएवढी, आणि हलकी तर अशी की वाटावं आत काही नाहीच. आईनं ती छातीशी धरली होती, पण अण्णांनी ठणकावलं, “काही नको त्याचं. पाठव परत.” परत द्यायला कुणाला पाठवलं असेल ते सांगायला नको. मी ती गादी कॅरिअरला बांधून भद्रकालीत गेलो. चाचांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, जणू शिवणीतच काही खोट राहिली असावी. “ताई कशी आहे?” मी म्हणालो, बरी आहे. ते ओट्यावर सरकले आणि मला बसायला जागा केली. मी बसलो नाही. मग थोडंसं हसून त्यांनी विचारलं, “आज रेडिओ काय म्हणतो, नंदूसाहेब?”

ते दार त्यांनी माझ्यासाठी उघडून धरलं होतं, हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं. तेव्हा मला वाटलं, टोमणा मारतायत. मी म्हणालो, “माहीत नाही,” आणि सायकलवर टांग टाकली.

ताईला मुलगी झाली, शेजारणीकडून मागून आणलेल्या गादीवर. सगळं सुखरूप. त्या लगद्यातून वाळून जे काही उरलं त्याची आईनं एक उशी केली. उस्मानचाचा आमच्या वस्तीत पुन्हा आले नाहीत. खरं तर त्यांना कुणी बोलावलंच नाही. सगळ्या वस्तीनं ती कबुली ऐकली होती, तीही ओरडून दिलेली. बायका दुसऱ्या पिंजाऱ्याकडे जायला लागल्या. तो कानतुटका कप बरीच वर्षं खिडकीच्या फळीवर उपडा होता. आई गेली तोपर्यंत चाचांबद्दलचं तिचं मत कायम होतं. कधी विषय निघाला की ती म्हणायची, “माणूस सोन्यासारखा होता रे, पण आभाळ कळायचं नाही त्याला.” मी समोर जेवत असायचो. “हो ना,” म्हणायचो. वाढ म्हणायचो.

सांगून टाकायचं मी कितीदा ठरवलं म्हणून सांगू. नोकरी लागली की. लग्न झालं की. पोरांच्या शाळेचं उरकलं की. थोडी उघडीप मिळाली की जाऊन येऊ. आईचा शब्द मी असा वापरला, आणि आईनं तो ज्यासाठी ठेवला होता त्याच्या बरोबर उलट. तिची उघडीप म्हणजे आत्ता, लगेच, पाऊस यायच्या आत. माझी म्हणजे नंतर कधीतरी.

रिटायर झाल्यावर, तेही दोन वर्षांनी, एका श्रावणात गेलो. गल्ली सापडली. ओटा नव्हता, तिथं शटरचं दुकान होतं. फोमच्या गाद्या प्लास्टिकमध्ये उभ्या, मागं एका बंद खोलीत कापसाचं मशीन. गल्ल्यावर तिशीतला मुलगा. चाचांचीच उंची. मी विचारलं, इथं उस्मान पिंजारी राहायचे ना? “दादा माझे, म्हणजे आजोबा. जाऊन वीस वर्षं झाली असतील. तुमचं काम होतं?”

“जुनी गादी पिंजायची होती,” मी म्हणालो. घरी एकही जुनी गादी नव्हती.

“आणा ना. पण पाऊस गेल्यावर. मशीन आतमध्ये आहे, तरी आम्ही पावसाळ्यात कापूस उघडत नाही. दादांनी घालून दिलेलं आहे. आभाळ स्वतः बघायचं, कुणी काही सांगितलं तरी ऐकायचं नाही.” तो हसला. “त्यांच्या हातून एकदा सातपूरला कुणाची तरी गादी बरबाद झाली होती. फार चांगला कापूस होता म्हणे. शेवटी शेवटी अंथरुणावर असतानासुद्धा बोलायचे, त्या भाभीची गादी राहिली. आम्ही विचारायचो, घर सांगा, आम्ही नवीन करून देतो. तर नाही सांगायचे. म्हणायचे, जाऊ दे, त्यांच्या पोराला त्रास होईल.”

 बाहेर रस्ता वाळत होता.

“तुम्ही कुठले, काका?” त्यानं विचारलं.

चार शब्दांचा निरोप. पंचेचाळीस वर्षं उशिरा का होईना, पण पोचवायला मी समोर उभा होतो, आणि त्यानं तर प्रश्नही विचारला होता. मी तोंड उघडलं.

“देवळाली कॅम्प,” मी म्हणालो.

मग एक उशी विकत घेतली, फोमची, नको असताना, आणि ती काखेत धरून स्टँडपर्यंत चालत आलो. उघडीप होती. बस त्र्यंबक रोडला लागल्यावर खिडकीतून अंजनेरी दिसली: लांब, धुरकट, निळी. चाचांनी सांगितली होती तशी.